मॉडेल कधीचं आहे ते विचारा

फोन घेताना आपण कॅमेरा पाहतो, बॅटरी पाहतो, घासाघीस करतो. कंपनी या फोनला अपडेट कधीपर्यंत देणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्याकडे राहणारे माझे सासरे, नाना, पेन्शन जमा झाली का ते फोनवरच बघतात. एका सकाळी बँकेचं ॲप उघडेना. या फोनवर ते आता चालणार नाही, असा निरोप स्क्रीनवर आला. नेहरू प्लेसच्या दुरुस्तीवाल्याने तपासला, तर फोन ठणठणीत. मग सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहिली: ऑगस्ट 2021. फोन घेतलेला 2020च्या दिवाळी सेलमध्ये. कंपनीने तीन वर्षांचा शब्द दिला होता आणि पाळलाही होता. फक्त ती वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून, म्हणजे 2018पासून मोजलेली. नानांच्या वाट्याला जेमतेम दहा महिने आले.

अपडेट थांबतात कशामुळे? अँड्रॉइड गूगल बनवते, चिपची कंपनी आपल्या चिपपुरते ड्रायव्हर देते आणि फोन कंपनी हे सगळं जुळवून एकेका मॉडेलवर तपासते. चिपवाल्यांनी हात काढून घेतला की फोन कंपनीचं घोडं अडतं. शिवाय विकून झालेल्या फोनवर नवी कमाई नाही, तपासणीचा खर्च मात्र चालूच. अडचण खरी आहे. पण तिच्यापुढे इलाज नाही, हे मला पटत नाही. पिक्सेल 8 (2023) आणि गॅलेक्सी एस 24 (2024) यांना सात वर्षांचे अपडेट जाहीर झालेच ना! युरोपीय संघात तर 20 जून 2025पासून नियमच आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट. मोजणी कुठून व्हायला हवी, हे तिथे बरोबर ओळखलंय.

अपडेट संपलेला फोन गाणी, फोटो, अलार्म यांसाठी खुशाल वापरा. बँक आणि यूपीआय मात्र त्यावरून काढा, कारण नव्याने सापडणारी भगदाडं तिथे कोणी बुजवत नाही. आणि नवा घेताना, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सेलमधून घेताना, दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: मॉडेल कधी बाजारात आलं आणि सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या, मगच पैसे द्या.