जखमी पक्षी आणि आपले कर्तव्य

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण उभे आहे. या धरणाने शेतीला पाणी दिले, वीज दिली, मच्छीमारांना रोजगार दिला; आणि त्याचबरोबर पक्ष्यांनाही विस्तीर्ण आश्रयस्थान मिळवून दिले. बगळे, पाणकावळे, खंड्या व टिटव्या येथे बारमाही दिसतात. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व चक्रवाक मराठवाड्यातील जलाशयांवर उतरतात. माणूस व पक्षी असे एकाच पाण्याच्या आधाराने राहू लागले की, जखमी पक्षी गावकऱ्यांच्या हाती येणे हे ओघानेच आले. बहुधा तो प्रथम शाळेत येतो. एखादा विद्यार्थी ओंजळीत पाखरू घेऊन उभा राहतो आणि विचारतो, "गुरुजी, याचे काय करायचे?"

या प्रश्नाचे उत्तर केवळ दयेने देता येत नाही. घाईने केलेली मदत पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते, तर काही प्रसंगी ती गावालाही महागात पडू शकते. म्हणून हात पुढे करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पक्षी खरोखर जखमी आहे काय?

उन्हाळ्याच्या सुमारास जमिनीवर सापडणारी पुष्कळशी पाखरे जखमी नसतात. बुलबुल, साळुंकी यांसारख्या पक्ष्यांची पिले पुरते उडता येण्यापूर्वीच घरट्याबाहेर पडतात आणि काही दिवस झुडपांच्या आसऱ्याने राहतात. आईबाप त्यांना तेथेच चारा भरवतात. अंगावर पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिलू घरी नेणे म्हणजे त्याला आईबापांपासून तोडणे होय. त्याला कुत्र्या-मांजरांपासून दूर, जवळच्या झुडपात ठेवावे व आपण लांब व्हावे. पिसे न आलेले पिलू खाली पडले असेल आणि घरटे हाताशी असेल, तर ते अलगद परत ठेवावे. माणसाचा हात लागलेले पिलू पक्षी टाकून देतात, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु तिला आधार नाही.

दुसरा प्रकार सोंगाचा. नदीकाठच्या वाळूत व गोट्यांत अंडी घालणारा कंठेरी चिखल्या, कोणी घरट्याजवळ आल्यास पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जातो. शत्रूला आपल्यामागे लांब नेऊन तो एकाएकी उडून जातो. अशा पक्ष्याच्या मागे धावणाऱ्याच्या पायाखाली अंडी तुडवली जाण्याचीच भीती अधिक. पक्षी सोंग करीत असल्याचा संशय आल्यास आल्या वाटेने परत फिरावे.

पंख लोंबकळणे, रक्त वाहणे, पाय मोडलेला असणे, जवळ गेले तरी न हलणे, अंगाला दोरा वा जाळे गुरफटलेले असणे, ही मात्र खऱ्या संकटाची लक्षणे होत.

दुखापतीस कारण काय?

ससाण्याने पकडलेले कबुतर सोडविणे ही दया नव्हे. तो ससाण्याचा घास आहे. परंतु मासेमारीचे जाळे, पतंगाचा नायलॉन मांजा, विजेच्या तारा आणि शेतातील विषारी औषधे यांनी होणारी इजा निसर्गाची नाही, ती आपली आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती याच कारणाने. जेथे इजा मानवनिर्मित आहे, तेथे मदत करणे हे उपकार नसून परतफेड आहे. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नमूद आहे. ही कर्तव्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात समाविष्ट झाली.

येथे एक व्यावहारिक अडचणही आहे. जाळ्यात अडकलेला पाणकावळा ओढून काढल्यास त्याचा पंख मोडतो. जाळे कापल्यास मच्छीमाराचे नुकसान होते. पक्ष्याच्या डोक्यावर कापड टाकून त्याला शांत करावे व त्याच्याभोवतीचे मोजके धागेच कापावेत, म्हणजे जाळे पुन्हा विणून घेता येते.

गावाला धोका आहे काय?

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मरण पावल्या. तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले आणि परिसरातील धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मृत कावळ्यांत हाच रोग आढळला. काही रानबदके रोगाची लक्षणे न दाखवताही या विषाणूचा प्रसार करू शकतात. ज्या कुटुंबाचा संसार दहा-वीस कोंबड्यांवर चालतो, त्याच्या अंगणात आजारी बदक आणून ठेवणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

म्हणून एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले, किंवा जखम नसताना पक्ष्याची मान वाकडी झाली, तोल जाऊ लागला वा झटके येऊ लागले, तर त्याला हात लावू नये. मुलांना व पाळीव जनावरांना दूर ठेवावे आणि पशुसंवर्धन विभागास तत्काळ कळवावे.

मदत करावयाची ती कशी?

मदतीचा निर्णय झाल्यावर पुढील दक्षता घ्यावी.

१. हातमोजे घालून किंवा जाड कापडाने पक्षी धरावा. बगळ्याची चोच डोळ्यांवर येते व शिकारी पक्ष्यांच्या नख्या खोल रुततात. असे पक्षी मुलांच्या हाती देऊ नयेत.

२. छाती आवळू नये. पक्ष्याला छातीची हालचाल झाल्याखेरीज श्वास घेता येत नाही.

३. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून त्याला काळोखात, शांत जागी ठेवावे. भय हे पुष्कळदा जखमेपेक्षा घातक ठरते. काचेवर आदळून गुंगलेला पक्षी अशा विश्रांतीने तासाभरात सावध होऊन उडून जाऊ शकतो.

४. चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असल्याने पाणी फुप्फुसात जाते. दूध व पाव देऊ नये. माणसांची वेदनाशामक औषधे कदापि देऊ नयेत. डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडांचा संहार झाला आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला, हे विसरू नये.

५. पक्षी हाताळल्यानंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

यापुढील काम तज्ज्ञांचे आहे. वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर अथवा जवळच्या वनरक्षकास कळवावे. परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मोडलेला पंख सांधेल की नाही, आणि न सांधल्यास पक्ष्याच्या यातना कशा संपवाव्यात, हा कठीण निर्णय पशुवैद्यकानेच घ्यावयाचा असतो.

पक्षी बरा झाला तरी पिंजऱ्यात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षित पक्षी पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. सरकारी मालमत्ता ठरणारा वन्यजीव ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविण्याची तरतूद त्यात आहे. जखमी पक्ष्याच्या बाबतीत मात्र त्याच दिवशी कळविणे इष्ट होय.

ग्रामपंचायतीच्या फलकावर वनरक्षक व पशुवैद्यकीय दवाखाना यांचे दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावेत. शाळेत एक खोके, एक जुने कापड व हातमोजे असावेत. एवढ्या तयारीला खर्च जवळजवळ नाही. मग ओंजळीत पाखरू घेऊन आलेल्या मुलाला गुरुजी प्रथम विचारू शकतील, "बाळ, हे तुला कोठे सापडले?" त्या उत्तरावरून पिलू झुडपात परत ठेवायचे की खोक्यात, हे पुष्कळदा ठरते, आणि दयेला विचाराची जोड कशी द्यावी, याचा धडा त्या मुलाला मिळतो.