वसंतातील दिल्ली आणि पश्चिमी विक्षोभ

मार्चमध्ये दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या हवामान अंदाजात 'पश्चिमी विक्षोभ' हा शब्द वारंवार येतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावून पश्चिमी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकणारी ही कमी दाबाची प्रणाली होय. ती जवळ येताना आकाश ढगाळते आणि रात्रीचे तापमान उतरण्याऐवजी चढते. गारवा येतो तो विक्षोभ पुढे गेल्यावर, वायव्येच्या कोरड्या वाऱ्यांमुळे. परीक्षार्थींची गल्लत बहुधा येथेच होते.

शेतीसाठी प्रश्न वेळेचा आहे. जानेवारीतील पाऊस गव्हाला पोषक असतो. मार्चमध्ये ओंबीत दाणा भरत असताना मात्र वादळी वारा व गारपीट उभे पीक आडवे करतात. पूर्वसूचना मिळाल्यास शेतकऱ्याला निदान पाणी देणे पुढे ढकलता येते, कारण ओल्या मातीत मुळांची पकड सैल होते. मार्च २०२० मध्ये सफदरजंग वेधशाळेत १०९.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १९०१ पासूनचा त्या महिन्याचा तो उच्चांक ठरला. विक्षोभ न येणेही तितकेच महाग पडते. मार्च २०२२ दिल्लीत कोरडा गेला, वायव्य भारतात उष्म्याने गव्हाचा दाणा आक्रसला. उत्पादनातील घट व चढे भाव पाहून १३ मे रोजी केंद्राने गहू निर्यातीवर बंदी घातली.