मोठ्या मोटारीस नवी बॅटरी कशी निवडावी?

पहाटे माल बाजारीं न्यावयाचा आणि डिझेल मोटारीचें इंजिन फिरत नाहीं, हा प्रसंग पुष्कळ बागाइतदारांस परिचित आहे. अशा वेळीं घाईनें नवी बॅटरी आणण्यापूर्वीं जुनीची परीक्षा करावी, असें आम्ही सुचवितों.

मोटार रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोंकांवरील दाब मोजावा. तो सुमारें १२.६ व्होल्ट असल्यास बॅटरी भरलेली आहे, १२.२ असल्यास निम्मी रिती झाली, असें समजावें. इंजिन चालू असतां हाच दाब बहुधा १३.८ ते १४.५ पर्यंत चढतो. न चढल्यास दोष अल्टरनेटरकडे असण्याचा संभव आहे. तो दुरुस्त न केल्यास नवी बॅटरीहि रिती होईल.

निवडतांना आकार, धन-ऋण टोंकांची बाजू, अँपिअर-तास व इंजिन फिरविण्याचा प्रवाह (सी. सी. ए.) हीं मोटारीच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावीं. डिझेल इंजिनांत हवा अधिक दाबली जाते, म्हणून प्रवाहहि अधिक लागतो. स्वस्त म्हणून कमी शक्तीची बॅटरी घेऊं नये. थांबतांच इंजिन आपोआप बंद करणाऱ्या मोटारीस ए. जी. एम. अथवा ई. एफ. बी., यांपैकीं पुस्तिकेंत सांगितलेलीच जात घालावी. दुकानांत पडून राहिलेली बॅटरी झिजते. यास्तव घडणीची तारीख वाचावी.

काढतांना ऋण तार प्रथम सोडावी, बसवितांना ती शेवटीं जोडावी. जुनींत शिसें व गंधकाम्ल असतें. ती विहिरीजवळ न टाकतां विक्रेत्यास परत द्यावी, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.