वळूचें बीज कोठें पिकतें?

वळू घेतांना आपण वशिंड, छाती व पाय पाहतों. अंडास चिकटलेल्या अधिवृषणाकडे क्वचितच लक्ष जातें. त्याची शेपूट अंडाच्या खालच्या टोकाशीं हातास गांठीसारखी लागते. ती रोगाची गांठ नव्हे. आंत वेटोळें घालून बसलेली एकच नळी आहे. उलगडल्यास ती शंभर फुटांहून लांब भरते.

वळूच्या अंडांत बीज तयार होण्यास सुमारें ६१ दिवस लागतात. परंतु तें बीज नीट पोहूं शकत नाहीं, गर्भही धरवूं शकत नाहीं. हें सामर्थ्य त्यास ह्या नळींतून जातांना, सुमारें दहा दिवसांत येतें. नळीचे डोकें, धड व शेपूट असे तीन भाग आहेत. तिन्हींत जनुकें तींच. पण कोणतीं कोठें जागीं व्हावयाचीं हें भागागणिक निराळें, म्हणून प्रत्येक भागाचा रसही निराळा. डोकें व धड यांत बीज पिकतें. शेपूट ही त्याची कणगी होय.

ज्वरानें किंवा उन्हानें अंड तापल्यास बिघडलेलें बीज पुढें कित्येक आठवडे उतरत राहतें. म्हणून वळू बरा दिसतांच त्यास गाई दाखवूं नयेत. अडीच महिन्यांनीं बीज तपासवावें. वरचेवर फळविल्यानेंही कणगी रिती होते.

काशीमीरा येथील बंधूंस १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय फारसें दूर नाहीं. गाय उलटली कीं दुधाचा हंगाम बुडतो. सातबारा पाहिल्याविना आपण जमीन घेत नाहीं. बीज पाहिल्याविना वळूही घेऊं नये, असें आमचें सांगणें आहे.