तो, ती, ते आणि डेर, डी, डास : जर्मन भाषेचा पहिला धडा



तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मी नोकरीस होतो, तेव्हाची गोष्ट. परदेशातून आलेले एक पिंप गोदामात उतरविले. त्यावर ठळक काळ्या अक्षरांत 'गिफ्ट' असे छापलेले. उतरवून घेणारा मुलगा बारावी पास होता. तो हसून म्हणाला, "कंपनीला कुणीतरी भेट पाठवलेली दिसते!" आम्हीही हसलो. तेवढ्यात जुने फोरमन धावत आले आणि त्यांनी सगळ्यांना मागे सारले. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, अर्थ मात्र जिवावर बेतणारा. (मूळ अर्थ 'दिलेली वस्तू' असाच होता. 'मिटगिफ्ट' म्हणजे हुंडा. या दोन शब्दांचे नाते समाजाने जरूर ध्यानात घ्यावे!)

त्या दिवसापासून मी जर्मन शिकू लागलो. शिकता शिकता एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीच्या चष्म्यातून जर्मन वाचायला गेले की अशी फसगत होते. पण मराठीतून गेले तर वाट पुष्कळ सोपी होते. आपल्या पालघर-बोईसर भागातील मराठी माध्यमाची मुले परकीय भाषा म्हटली की मागे सरतात. "आमचे इंग्रजीच कच्चे, जर्मन कुठून येणार?" असे म्हणतात. या प्रश्नाला उत्तर म्हणूनच हा लेख.

आपल्यापुढे उदाहरण घरातलेच आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारशी घ्यावी लागली. तेच बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात असताना जर्मन शिकले. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी प्रशियाच्या शिक्षण खात्याला बॉन विद्यापीठातील प्रवेशासाठी पत्र लिहिले, ते जर्मन भाषेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉनला त्यांचे नाव दाखल झाले. तेथील अभ्यास पुरा होऊ शकला नाही, लंडनची डी.एस्सी. १९२३ साली मिळाली. पण ज्याला एक भाषा नाकारली गेली त्याने दुसऱ्या खंडात जाऊन तिसरीच भाषा कमावली आणि तिच्यातून अर्ज केला, हे विसरता येत नाही.

आता धड्याकडे वळू. प्रथम अभिवादन. आपला 'जय भीम' सकाळी, दुपारी, रात्री केव्हाही चालतो. जर्मन माणसाला मात्र घड्याळ पाहावे लागते. सकाळी 'गूटेन मॉर्गन', दिवसा 'गूटेन टाक', सायंकाळी 'गूटेन आबेंट' आणि झोपायला जाताना 'गूटे नाख्ट'. केव्हाही चालणारे 'हालो' आहे, पण ते ओळखीच्या माणसाला. निरोप घेताना 'आउफ वीडरझेन', म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. आपणही दारातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, भाव तोच. 'डांके' म्हणजे आभार. 'बिट्टे' म्हणजे कृपया, आणि आभाराला उत्तर म्हणूनही 'बिट्टे'च.

वर 'गूटेन टाक' पण 'गूटे नाख्ट' असे का, हे कुणाच्या ध्यानात आले का? इंग्रजी शिकलेला येथे अडखळतो, कारण त्याचा 'गुड' सगळीकडे गुडच राहतो. मराठी मुलाला हे आईच्या मांडीवरच कळलेले असते. आपण 'चांगला दिवस' म्हणतो आणि 'चांगली रात्र' म्हणतो. जर्मनमध्येही टाक (दिवस) पुल्लिंगी आणि नाख्ट (रात्र) स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषण बदलते. जर्मनमध्ये लिंगे तीन आहेत आणि त्यांची ओळख नामाच्या आधी येणाऱ्या शब्दाने होते : डेर, डी, डास. म्हणजेच आपले तो, ती, ते. हिंदीत दोनच लिंगे आहेत. तिसऱ्या लिंगाची सवय असणे ही आपली कमाई आहे.

लिंगे दर वेळी जुळतील असे मात्र समजू नये. पुस्तक (डास बूख) आणि पाणी (डास वासर) दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहेत. पण सकाळ तेथे पुल्लिंगी आहे, सूर्य स्त्रीलिंगी (डी झोने) आहे. मुलगी तर नपुंसकलिंगी! 'डास मेडशेन'. हे ऐकून वर्गातल्या मुली रागावतात. कारण एवढेच की शेवटचा 'शेन' हा प्रत्यय लहानपणा दाखवतो आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपणही लेकरू, कोकरू, वासरू यांना 'ते'च म्हणतो. प्रत्येक नाम त्याच्या डेर-डी-डाससह पाठ करावे, दुसरा उपाय नाही.

दुसरी गोष्ट मान देण्याची. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. जर्मनमध्ये घरच्यांना, मित्रांना, मुलांना 'दू' (तू) आणि अनोळखी माणसाला, साहेबांना, प्राध्यापकांना 'झी' (आपण). एक फरक सांगून ठेवतो. आपल्याकडे आईला तू आणि वडिलांना बहुधा तुम्ही म्हणतात. जर्मन घरात दोघांनाही 'दू'. साहेबांना चुकून 'दू' म्हटले तर जे वाटते ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

स्पेलिंगची भीती बाळगू नका. इंग्रजीत लिहायचे एक आणि वाचायचे एक. जर्मनमध्ये नियम एकदा समजला की नवा शब्दही वाचता येतो. डब्ल्यू हा 'व' आणि व्ही हा बहुधा 'फ'. म्हणून आपण वोक्सवॅगन म्हणतो त्या मोटारीला ते 'फोल्क्सवागेन' म्हणतात. जे हा 'य'. ई-आय जोडून आले तर 'आइ', आय-ई जोडून आले तर 'ई', ई-यू आले तर 'ऑइ'. स्वरापूर्वीचा एस हा 'झाडा'तला झ, त्यामुळे सीमेन्स ही कंपनी तिच्या मायदेशी 'झीमेन्स' होते. शब्दाच्या आरंभी एस-टी आले तर 'श्ट'. शेवटी आलेला जी 'क' ऐकू येतो आणि शेवटचा डी 'ट'. म्हणूनच दिवस हा 'टाक', शाईत बुडवायच्या टाकासारखा. बी सारखे दिसणारे एक खास अक्षर असते, ते 'ब' नव्हे, कडक 'स' आहे. आणि प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे, वाक्याच्या मध्ये आले तरीही.

झेडविषयी मुद्दाम वेगळे सांगतो. त्याचा उच्चार 'त्स', आणि इंग्रजी बोलणारा हा ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला आला की चुकतो. आपल्याकडे तो आहेच : 'चाक', 'चमचा' यांतला च! ('चहा'तला नव्हे.) आगगाडी म्हणजे 'त्सूक', हा शब्द आपल्या 'चूक' या शब्दासारखाच म्हणावा, चूक होणार नाही.

आता थोडे व्याकरण. शाळेत प्रथमा ते संबोधन घोकताना ज्यांनी शिव्या घातल्या त्यांना सुवार्ता अशी, की जर्मनमध्ये विभक्ती चारच : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. 'डेर' हा द्वितीयेत 'डेन' होतो, चतुर्थीत 'डेम'. चतुर्थी तर अगदी आपल्या वळणाची. 'मला थंडी वाजते' हे इंग्रजीत 'मी थंड आहे' अशा घडणीने सांगतात. जर्मन म्हणतो 'मिर इस्ट काल्ट'. यातला 'मिर' म्हणजे 'मला'. 'ते मला आवडते' हे 'डास गेफेल्ट मिर'. कुशल विचारताना 'वी गेट एस ईनेन?' असे म्हणतात, त्यातला 'ईनेन' म्हणजे 'आपल्याला'. इंग्रजीवरून भाषांतर करणारे विद्यार्थी येथे 'मी'पासून सुरुवात करतात आणि गुण घालवतात.

क्रियापदांचे प्रत्यय पाहा. शिकणे या क्रियापदाची रूपे : इख लेर्ने, दू लेर्न्स्ट, एर लेर्न्ट. 'तू'ला स, 'तो'ला ट. पाली वर्गातील गच्छसि, गच्छति आठवा. हा योगायोग नव्हे. फार प्राचीन काळी या भाषांचे घराणे एकच होते.

साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसते, ते इंग्रजीसारखे वाटते. पण 'कारण' आले की ते शेवटी जाते. 'वाइल इख इन बोईसर आर्बाइटे' याचा शब्दशः अर्थ लावा : कारण मी बोईसरमध्ये काम करतो. ('इन' तेवढे गावाच्या नावाआधी येते.) अंकही ओळखीचे. एकवीस म्हणजे 'आइन-उंट-त्स्वानत्सिख', आधी एक, मग वीस. बेचाळीसमध्येही आधी दोन, मग चाळीस. फोन नंबर लिहून घेताना इंग्रजी सवयीचे लोक येथे आकडे उलटे लिहितात.

पुढे कुठे शिकावे? मुंबईत काळा घोडा येथे आणि पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभागही आहे. बोईसरहून चर्चगेट शंभर किलोमीटरच्या आसपास, तेव्हा रोजचे जाणे कठीण. पण पहिली पातळी, जिला ए-१ म्हणतात, तिची बरीचशी तयारी घरी होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे. नर्सिंग, वीजकाम, नळकाम शिकणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात घ्यावे, पण भाषेशिवाय तेथे काम होत नाही. नर्सच्या कामाला तर ए-१ मुळीच पुरत नाही, पुढच्या तीन पातळ्या चढाव्या लागतात.

अभ्यास : (१) आपले नाव, गाव आणि काम जर्मनमध्ये तीन वाक्यांत सांगा. मदतीसाठी : 'इख हाइसे' म्हणजे माझे नाव, 'इख वोने इन' म्हणजे मी अमुक ठिकाणी राहतो किंवा राहते. (२) 'मी जर्मन शिकतो, कारण मी पालघरला राहतो' हे वाक्य करा. जर्मन भाषेला 'डॉइच' म्हणतात. (३) घरातील पाच वस्तूंची जर्मन नावे शब्दकोशात शोधा आणि प्रत्येकीपुढे डेर, डी किंवा डास लिहा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : इख लेर्ने डॉइच, वाइल इख इन पालघर वोने.