जेन्नर डॉक्टरांची झोपडी

इंग्लंड देशात बार्कली नावाचे लहान गाव आहे. तेथे एका बागेत एक छोटी खोली आहे. भिंती ओबडधोबड दगडांच्या व वर गवताचे छप्पर. गुरुजींनी चित्र दाखवले तेव्हा आम्ही ओरडलो, "गुरुजी, हा तर गोठा!" गुरुजी म्हणाले, "गोठा नाही रे, हा दवाखाना."

त्या बागेच्या घरात डॉ. एडवर्ड जेन्नर राहत. त्यांचा जन्म त्याच गावी १७४९ साली झाला. तेव्हा देवीच्या रोगाने फार माणसे मरत. वाचलेल्यांच्या तोंडावर व्रण राहत. काहींचे डोळेही जात. पण दूध काढणाऱ्या बाया म्हणत, "गाईच्या देवी येऊन गेल्या की माणसाच्या देवी येत नाहीत." डॉक्टरांनी हे नीट लक्षात ठेवले.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातील लस जेम्स फिप्सला टोचली. जेम्स माळ्याचा मुलगा, वय ८ वर्षे. त्याला थोडा ताप आला व तो बरा झाला. जुलैमध्ये त्याला खऱ्या देवी टोचून पाहिल्या, तरी रोग झाला नाही! जेम्स माझ्यापेक्षा लहान होता.

पुढे त्या झोपडीत डॉक्टर गोरगरिबांना फुकट लस टोचू लागले. झोपडीला ते देऊळ म्हणत. लस हातावरून हातावर नेत बगदाद, बसरामार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी भारतातली पहिली लस मुंबईत ३ वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली. १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले.

माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. ती सांगते, "देवी काढणारा आला की आई आम्हांला कणगीमागं दडवायची. मग गावात देवी आल्या. मी राहिले, माझा भाऊ गेला." एवढे बोलून ती गप्प बसते.

मागच्या वेळी नर्सबाई सुई टोचायला आल्या, तेव्हा मी गोठ्यात गाईमागे लपलो होतो. आता मला दहा वर्षे पूर्ण झाली. धनुर्वात व घटसर्पाची लस घ्यायची आहे. आजी म्हणाली, "मी येते संगं." या वेळी मी लपणार नाही. मित्रांनो, तुम्हीही लपू नका.

— इयत्ता ४ थी