दोन पाऱ्यांची साक्ष

लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायांत (वचनें ५४ ते ५६) पश्चिमेचा ढग व दक्षिणेचा वारा पाहून पाऊस आणि उकाडा ओळखणाऱ्या लोकांविषयीं प्रभु बोलतो. आभाळ ओळखल्याबद्दल तो त्यांस दोष देत नाहीं. एवढें ओळखूनही समोर आलेला काळ त्यांस ओळखतां येत नाहीं, हा त्यांचा दोष तो दाखवितो. या पाठांत आपण हातांत धरून हवा मोजण्याच्या साधनांचा विचार करूं. उन्हाळ्यांत मजुराचा जीव पुष्कळ वेळां या ज्ञानावर अवलंबून असतो.

पहिलें साधन तापमापक. कांचेच्या बारीक नळींत पारा किंवा रंगीत मद्यार्क असतो. तो उष्णतेनें फुगून वर चढतो. फॅरनहाइट यानें १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा तापमापक केला, आणि सेल्सियस या स्वीडिश ज्योतिष्यानें १७४२ सालीं शंभर भागांचें माप सुचविलें. हवेची उष्णता नेहमीं सावलींत मोजावी. उन्हांत धरलेला तापमापक स्वतःच तापतो, आणि मग हवेविषयीं खोटें सांगतो. पारा विषारी आहे. नळी फुटल्यास त्यास हात लावूं नये.

परंतु एकटा तापमापक अर्धीच साक्ष देतो. माठाचें उदाहरण घ्या. चैत्रांत माठांतील पाणी थंडगार होतें, आणि श्रावणांत तोच माठ तितका गार होत नाहीं. असें कां? कोरड्या हवेंत माठाबाहेर पाझरलेलें पाणी लवकर उडून जातें व जातांना उष्णता घेऊन जातें. दमट हवेंत तें उडत नाहीं. देवानें मनुष्याच्या देहासही असेंच घडविलें आहे. घाम वाळला तर देह निवतो. घाम नुसता ओघळत राहिला तर उष्णता आंतच कोंडते.

हा भेद मोजण्यासाठीं दुसरें साधन आहे. एका चौकटींत दोन तापमापक बसवितात. एकाचा फुगा उघडा असतो; दुसऱ्याच्या फुग्यास स्वच्छ मलमल गुंडाळून ती पाण्यानें भिजवितात. मग सावलींत उभें राहून, मुठीस धरून, तें साधन गोफणीसारखें गरगर फिरवावयाचें. थांबतांच आधीं ओला पारा वाचावा, मग कोरडा. ओला पारा आणखी उतरेनासा होईपर्यंत असें पुनःपुन्हां करावें. दोहोंत अंतर मोठें तर हवा कोरडी. अंतर थोडें तर हवा दमट.

भवानीनगर व बारामती-इंदापूर तालुक्यांतील आसपासचीं गांवें पाहा. हा मुलूख पर्जन्यछायेचा. परंतु नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें येथें ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामुळें एकाच शिवारांत दोन प्रकारची हवा भेटते: माळावर कोरडी, आणि भिजविलेल्या दाट उसांत, जेथें वारा शिरत नाहीं तेथें, दमट. समजा, माळावर कोरडा पारा ४० व ओला २२ आहे. तेथें आर्द्रता सुमारें २० टक्के. उसांत कोरडा ३५ व ओला २९ आहे. तेथें आर्द्रता सुमारें ६५ टक्के. पहिल्या ठिकाणीं तहानेचें भय मोठें, पण घाम वाळतो. दुसऱ्या ठिकाणीं ऊन कमी भासलें तरी देहास निवण्याची वाट अरुंद झालेली असते. ओला पारा ३५ वर गेल्यास धडधाकट मनुष्यही सावलींत स्वस्थ बसून फार वेळ तग धरूं शकत नाहीं, असें शास्त्रज्ञ मानीत आले. २०२२ सालीं अमेरिकेंत निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगांत तर ही मर्यादा ३१ च्या जवळपास आढळली. वृद्ध, आजारी व कष्ट करणारे यांस धोका त्याहून पुष्कळ आधीं असतो.

१६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. त्या भागांत पारा सुमारें ३८ अंशांवर होता. आमच्या माळावर लोक याहून अधिक उन्हांत वावरतात. तरी तेथें दहांहून अधिक माणसें उष्माघातानें मरण पावलीं. समुद्राकांठच्या दमट प्रदेशांत, तासन्‌तास उन्हांत बसलेल्यांस नुसता पाऱ्याचा आंकडा पुरेसा इशारा देत नाहीं.

यास्तव ज्यांच्या हाताखालीं मजूर आहेत अशा बंधुभगिनींस आमची विनंती आहे: ओला पारा ३० कडे सरकूं लागला कीं कष्टाचें काम पहांटे व सायंकाळीं ठेवा, आणि सावली, पाणी व विसावा द्या. कोणी बरळूं लागला किंवा बेशुद्ध पडला तर त्यास सावलींत न्या, अंग भिजवून वारा घाला आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडांत पाणी ओतूं नका.

आतां विजेरीवर चालणारीं, उष्णता व आर्द्रता दोन्ही दाखविणारीं लहान यंत्रेंही मिळतात. तीं सोयीचीं आहेत, परंतु अधूनमधून ओल्या-कोरड्या पाऱ्याशीं ताडून पाहावीं. खोट्या तराजूविषयीं नीतिसूत्रें ११:१ मध्यें जें शिकविलें आहे, तें प्रत्येक मापास लागू पडतें. माप खरें असावें. आणि खऱ्या मापानें धोका दाखविल्यावर शेजाऱ्यास उन्हांत ठेवणें ही प्रीति नव्हे.

वर्गासाठीं प्रश्न
१. ओला पारा कोरड्याहून खालीं कां राहतो?
२. ३५ अंशांची हवा ४० अंशांच्या हवेहून अधिक घातक केव्हां होते?
३. आपल्या मंडळींत उन्हांत राबणारे कोण आहेत? या आठवड्यांत त्यांच्यासाठीं आपण काय कराल?